फिरत्या यंत्रांवर कंपन-सेन्सर बसवणे आणि तो जपणे

कंपन-सेन्सर स्वतः चुकीचे मोजतो असे क्वचितच घडते. त्याच्या तळापर्यंत जे कंपन पोहोचते तेच तो सांगतो. बेअरिंगपासून तळापर्यंतच्या वाटेत रंगाचा थर, पातळ पत्रा, सैल चुंबक किंवा तिरके भोक आडवे आले, किंवा तिथून मॉनिटरपर्यंतच्या वाटेत ओलावा, दोन टोकांना अर्थ झालेली (जमिनीशी जोडलेली) शील्ड, म्हणजे केबलच्या तारांभोवतीचे धातूचे आवरण, किंवा हलती केबल आली, की आकडे बिघडतात आणि दोष मात्र सेन्सरच्या माथी मारला जातो. म्हणून महागडा सेन्सर निवडण्यात जितका वेळ जातो, त्याहून अधिक वेळ या दोन वाटा नीट करण्यात घालवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील विवेचन मुख्यतः मोटर, पंप, पंखे आणि गिअरबॉक्स यांच्या बेअरिंगवर कायमस्वरूपी बसवल्या जाणाऱ्या पायझोइलेक्ट्रिक त्वरणमापकांविषयी (दाब आला की विद्युतभार देणाऱ्या स्फटिकाने त्वरण मोजणाऱ्या सेन्सरांविषयी) आहे. शाफ्टचे कंपन थेट मोजणाऱ्या प्रॉक्झिमिटी प्रोबचा विचार वेगळा केला आहे, कारण तिथे चुकण्याच्या जागाच निराळ्या असतात.

आधी काय शोधायचे ते ठरवा

सेन्सर कशाने बसवायचा हे ठरवण्याआधी यंत्रात कोणत्या वारंवारतेपर्यंत पाहायचे आहे हे कागदावर मांडावे लागते. मिनिटाला १४८० फेरे करणारी मोटर सेकंदाला सुमारे २४.७ फेरे घेते, म्हणजे असंतुलन २४.७ हर्ट्झला आणि कपलिंगचा बेताळपणा (जोडलेले दोन शाफ्ट एका रेषेत नसणे) बहुधा याच वारंवारतेला किंवा तिच्या दुपटीला दिसेल. याच शाफ्टवर ३१ दात्यांचे पिनियन (लहान गिअर) असेल, तर दात्यांची वारंवारता सुमारे ७६५ हर्ट्झ येते आणि तिच्या तिपटीपर्यंत पाहायचे म्हटले, की मर्यादा २३०० हर्ट्झपर्यंत जाते. बेअरिंगमध्ये आठ गोळ्या असतील, तर बाहेरच्या रेसमधील (गोळ्या ज्यावर फिरतात त्या कड्यातील) दोषाची वारंवारता ढोबळमानाने फेऱ्यांच्या ०.४ गुणिले आठ, म्हणजे सुमारे ७९ हर्ट्झ, आणि आतल्या रेसची ०.६ गुणिले आठ, म्हणजे सुमारे ११८ हर्ट्झ असते. हे आकडे पाहून कमी वारंवारतेचा सेन्सर पुरेल असे वाटते, पण ती समजूत फसवी आहे. दोष कोवळा असतो तेव्हा तो या वारंवारतांना दिसतच नाही. प्रत्येक गोळी खड्ड्यावरून जाताना बसणाऱ्या ठोक्याने बेअरिंग आणि त्याचे घर कित्येक किलोहर्ट्झवर क्षणभर झणझणते, आणि एन्व्हलप पद्धत त्या झणझणीतून पुन्हा ७९ किंवा ११८ हर्ट्झचा ताल वेगळा काढते. सेन्सरची बैठक ही झणझण पोहोचू देत नसेल, तर बेअरिंगचा बिघाड कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

बैठकीची मर्यादा अनुनादावरून (रेझोनन्सवरून) ठरते. सेन्सर आणि त्याखालचा सांधा मिळून एक स्प्रिंग-वस्तुमान प्रणाली तयार होते आणि तिला स्वतःची अनुनाद-वारंवारता असते. अनुनाद-वारंवारतेच्या एकपंचमांशावर मोजमाप सुमारे ४ टक्के फुगते, तर एकतृतीयांशावर सुमारे १२ टक्के, आणि म्हणून एकतृतीयांश ही व्यवहारातली वरची मर्यादा मानतात. घासून सपाट केलेल्या पृष्ठभागावर स्टडने (डोके नसलेल्या, दोन्ही टोकांना आटे असलेल्या बोल्टने) नीट आवळलेल्या सर्वसाधारण औद्योगिक सेन्सरचा अनुनाद २५ ते ३० किलोहर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे ८ ते १० किलोहर्ट्झपर्यंतचे मोजमाप विश्वासार्ह राहते. योग्य चिकट पदार्थाने बसवलेला पॅड याच्या थोडा खाली येतो. सपाट पृष्ठभागावरचे सपाट चुंबक आणखी खाली येते. गोल पृष्ठभागावर दोन कडांनी टेकणारे चुंबक सुमारे २ किलोहर्ट्झपलीकडे भरवशाचे नसते, आणि हातात धरलेली टोकदार सळई तर काहीशे हर्ट्झपुरतीच. वरच्या उदाहरणातील दात्यांची तिसरी पट गोल बसणाऱ्या चुंबकाने मोजून काहीच निष्कर्ष काढता येणार नाही, हे या हिशोबावरून आपोआप स्पष्ट होते.

संथ यंत्रांचा हिशोब याच्या उलट असतो. एक मिलिमीटर प्रतिसेकंद इतका कंपनाचा वेग १००० हर्ट्झला सुमारे ०.६४ जी (जी म्हणजे गुरुत्वीय त्वरणाइतके त्वरण) देतो, आणि १०० मिलिव्होल्ट प्रति जी संवेदनशीलतेच्या सेन्सरमधून ६४ मिलिव्होल्ट येतात. तोच वेग १ हर्ट्झला असेल, तर त्वरण हजारपटीने कमी होते आणि हाती केवळ ०.०६४ मिलिव्होल्ट लागतात. म्हणून मिनिटाला ६० फेरे करणाऱ्या रोलवर किंवा ड्रायरवर ५०० मिलिव्होल्ट प्रति जी क्षमतेचा, कमी वारंवारतेसाठी बनवलेला सेन्सर घ्यावा आणि बैठकीच्या अनुनादापेक्षा तापमानातील चढउतार, तळावर येणारा ताण आणि केबलचा गोंगाट यांची काळजी अधिक करावी. या इवल्याशा सिग्नलला गिळून टाकायला वाऱ्याची झुळूकसुद्धा पुरते.

जागा

सेन्सर बेअरिंगच्या जितका जवळ आणि बेअरिंगपासून त्याच्यापर्यंत जितके अखंड, जाड धातू, तितके चांगले. मधला प्रत्येक सांधा, गॅस्केट किंवा बोल्टने जोडलेले झाकण काही कंपन खाऊन टाकते आणि काही स्वतःचे मिसळते. मोटरच्या पंख्यावरचे पत्र्याचे आवरण, कपलिंगचे गार्ड, बेअरिंग-घराचे पातळ शेवटचे झाकण आणि टर्मिनल बॉक्स या जागा सोयीच्या असल्या तरी वर्ज्य मानाव्यात, कारण तिथे सेन्सर त्या पत्र्याचेच कंपन मोजतो. मोटरच्या मागच्या टोकाला पंख्याच्या आवरणामुळे बेअरिंगपर्यंत हात पोहोचत नाही, ही नेहमीची अडचण आहे. अशा वेळी आवरणात भोक पाडून, आतल्या एंडशील्डवर सेन्सर बसवून केबल बाहेर काढावी किंवा शीतक पंखांच्या मध्ये बसणारा खास ठोकळा चिकटवावा. आवरणावरच सेन्सर ठोकून मोकळे होऊ नये.

दिशा निवडताना बेअरिंगवरचा भार कोणत्या बाजूला आहे हे पाहावे, कारण दोषाचा ठोका भाराच्या क्षेत्रात सर्वांत स्पष्ट उमटतो. पट्ट्याने चालणाऱ्या पंख्यात भार पट्ट्याच्या ओढीच्या दिशेला असतो, तर आडव्या शाफ्टवर फक्त वजन असेल तर तो खालच्या बाजूला. पायावर बोल्ट केलेली आडवी यंत्रे उभ्या दिशेपेक्षा आडव्या दिशेला बहुधा लवचीक असतात, म्हणून एकाच बेअरिंगवर एकच सेन्सर परवडत असेल तर तो सहसा आडव्या त्रिज्यीय दिशेत बसवावा. बेताळपणा, वाकलेला शाफ्ट, थ्रस्ट बेअरिंग आणि टोकाला लटकणारा पंखा यांसाठी अक्षीय दिशेचा सेन्सरही हवा. दोन भागांत उघडणाऱ्या बेअरिंग-घराच्या वरच्या टोपीपेक्षा खालचा भाग अधिक भक्कम असतो. आडवा सेन्सर सांध्याच्या रेषेखाली घ्यावा. उभ्या पंपांच्या बाबतीत मोटरच्या वरच्या बेअरिंगवर, डिस्चार्ज पाइपच्या दिशेने एक आणि तिला काटकोनात एक, असे दोन सेन्सर उपयोगी पडतात.

तिन्ही दिशा एकाच आवरणात मोजणारे त्रिअक्षीय सेन्सर मोहक वाटतात आणि केबलची बचतही करतात, पण त्यांच्या आडव्या अक्षांची वारंवारता-मर्यादा बहुधा मुख्य अक्षापेक्षा कमी असते, शिवाय बसवताना अक्ष फिरले तर आडवे कंपन उभे म्हणून नोंदले जाते. ते वापरायचेच असतील, तर अक्षांच्या खुणा यंत्रावर रंगाने उमटवून ठेवाव्यात.

जागा निश्चित करण्यापूर्वी सेन्सरची उंची, त्यावरचा कनेक्टर आणि केबलला लागणारे वळण एवढी मोकळी जागा खरोखर आहे का, हे नमुना धरून पाहावे. गार्ड परत बसवताना कनेक्टर चेपला गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

भोक, आटे आणि स्टड

सर्वोत्तम बैठक स्टडचीच, आणि जिथे भोक पाडण्यास हरकत नाही तिथे दुसऱ्या पर्यायाकडे वळू नये. हरकत कुठे आहे हे मात्र आधी पाहावे लागते. ज्वालारोधक मोटरच्या आवरणात भोक पाडले की तिचे प्रमाणपत्रच बाद होते, त्यामुळे धोकादायक क्षेत्रातील अशा मोटरवर चिकटवलेला पॅड हाच मार्ग राहतो. बेअरिंग-घराच्या आत तेलाची वाट, पाण्याचे जॅकेट किंवा ग्रीसचा कप्पा असू शकतो. निर्मात्याचे रेखाचित्र पाहून त्या ठिकाणी धातूची जाडी किती आहे याची खात्री केल्याशिवाय ड्रिल लावू नये. यंत्र बंद करून, वीज तोडून आणि कुलूप-टॅग लावूनच हे काम करायचे असते, हे वेगळे सांगायला नको.

पृष्ठभाग तयार करण्यासाठी मध्यभागी पायलट ड्रिल असलेला स्पॉट-फेस कटर वापरावा, कारण तो एकाच वेळी भोकही पाडतो आणि त्याला काटकोनात सपाट वर्तुळही कापतो. भोक आधी हाताने पाडून मग पृष्ठभाग वेगळा घासला, तर दोन्ही एकमेकांना काटकोनात येतील याची शाश्वती नसते आणि सेन्सर एका कडेवर टेकून बसतो. कापलेले वर्तुळ सेन्सरच्या तळापेक्षा सुमारे दहा टक्के मोठे असावे, त्याचा सपाटपणा २५ मायक्रॉनच्या आत आणि खरखरीतपणा ०.८ ते १.६ मायक्रॉनच्या दरम्यान असावा, आणि भोकाचा कल एका अंशापेक्षा अधिक नसावा. एम६ आट्यांसाठी ५ मिलिमीटरचे आणि एम८ आट्यांसाठी ६.८ मिलिमीटरचे ड्रिल लागते. पाव इंच जाडीचा, इंचाला २८ आट्यांचा स्टड असेल तर सुमारे ५.५ मिलिमीटर. ड्रिलवर खोलीचा स्टॉप लावावा. ड्रिल आणि टॅप दोघांवर भरपूर ग्रीस चोपडले की धातूचा कीस त्यात अडकतो आणि बेअरिंगच्या दिशेने जात नाही. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा सावकाश फिरवावा. बीड ठिसूळ असते, तिथे घाई केली की पहिले दोन-तीन आटे तुटून जातात आणि स्टडला पकडच राहत नाही. भोकाची खोली स्टडपेक्षा थोडी अधिक हवी. स्टड तळाला टेकला तर सेन्सर आवळल्यासारखा वाटतो, पण त्याच्या तळाखाली केसभर फट राहते, आणि ही फट डोळ्यांना दिसत नाही.

भोक स्वच्छ करून, तेल पूर्ण पुसून, यंत्राच्या बाजूच्या आट्यांना मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावून स्टड बसवावा. सेन्सरच्या तळाला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. त्याचे काम चिकटवण्याचे नसून पृष्ठभागांतल्या सूक्ष्म खळग्यांतील हवा हाकलण्याचे आहे, म्हणून बाजूने ग्रीस ओघळत असेल तर ते जास्त झाले असे समजावे. मग सेन्सर हाताने पूर्ण बसेपर्यंत फिरवून टॉर्क रेंचने निर्मात्याने दिलेल्या टॉर्कला आवळावा. पाव इंची स्टडसाठी तो साधारण २.७ ते ६.८ न्यूटन-मीटर असतो. पाना सेन्सरच्या षटकोनी भागावरच लावावा, कनेक्टर धरून सेन्सर कधीही फिरवू नये. कमी आवळलेला सेन्सर वरच्या वारंवारता गाळतो, तर अती आवळलेल्याच्या तळावर ताण येऊन शून्य सरकते किंवा आटे निसटतात. ‘अंदाजाने घट्ट’ या पद्धतीला इथे जागा नाही. बैठकीच्या यांत्रिक बाबींसाठी आयएसओ ५३४८ हे मानक उपलब्ध आहे आणि नवा कर्मचारी शिकवताना त्यातील आकृत्या फार उपयोगी ठरतात.

चिकटवणे आणि चुंबक

भोक पाडता येत नसेल तिथे आटे असलेला धातूचा पॅड चिकटवून त्यावर सेन्सर स्टडने बसवतात. इथे यश जवळजवळ पूर्णपणे पृष्ठभागाच्या तयारीवर अवलंबून असते. रंग, प्रायमर आणि गंज खरवडून चकचकीत धातू उघडा करावा, शक्य असेल तर लहान वर्तुळ घासून सपाट करावे, मग जाडसर एमरी पेपरने त्याला हलके ओरखडे द्यावेत आणि ॲसिटोनने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावे. पुसल्यानंतर बोट लावू नये. ॲक्टिव्हेटरसह येणारा संरचनात्मक ॲक्रिलिक किंवा दोन भागांचा ताठ इपॉक्सी वापरावा. गरम गोंद, सिलिकॉन सीलंट आणि दुहेरी टेप हे सारे मऊ असल्यामुळे वरची कंपने गिळतात. थर पातळ ठेवण्यासाठी पॅड दाबून किंचित फिरवावा, आणि निर्मात्याने दिलेला सुकण्याचा वेळ पूर्ण होऊ द्यावा. यंत्राचा पृष्ठभाग गरम असेल तर चिकट पदार्थाची तापमान-मर्यादा आधी तपासावी. पॅड काढायचा झाल्यास तो बाजूने पान्याने पिळून काढावा; हातोड्याने ठोकून काढताना सेन्सर त्यावरच असेल, तर तोही निकामी होतो.

चुंबक हे फिरत्या तपासणीसाठी आणि तात्पुरत्या चाचणीसाठी ठीक आहे, कायमस्वरूपी बसवण्यासाठी नाही. ते लावताना एक कड आधी टेकवून हळूच झुकवत बसवावे. सरळ ‘टक्’ करून सोडले तर त्या आघातात सेन्सरवर हजारो जी त्वरण येते, आणि बऱ्याच औद्योगिक सेन्सरची आघात-मर्यादा सुमारे ५००० जी असते. टेबलावरून काँक्रीटच्या जमिनीवर पडलेला सेन्सर ही मर्यादा सहज ओलांडतो, म्हणून पडलेला सेन्सर तपासल्याशिवाय यंत्रावर चढवू नये.

बॅटरीवर चालणारे बिनतारी सेन्सर साध्या सेन्सरपेक्षा जड आणि उंच असतात, त्यामुळे त्यांची बैठक अधिकच भक्कम लागते. त्यांच्यावर धातूचे कव्हर घातले की रेडिओ-संपर्क तुटतो, ही गोष्ट बसवल्यानंतर लक्षात येण्यापेक्षा आधी लक्षात घेतलेली बरी.

प्रॉक्झिमिटी प्रोब

तेलाच्या पडद्यावर चालणाऱ्या जर्नल बेअरिंगमध्ये शाफ्ट बराच हलतो आणि जड घर मात्र शांत असते. अशा टर्बाइनवर किंवा कॉम्प्रेसरवर शाफ्टकडे पाहणारे एडी-करंट प्रोब, म्हणजेच प्रॉक्झिमिटी प्रोब, लागतात. ते दोन-दोनच्या जोडीने, एकमेकांना ९० अंशांत, उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर बसवतात. सर्वसाधारण ८ मिलिमीटरच्या प्रोबची संवेदनशीलता ७.८७ व्होल्ट प्रति मिलिमीटर आणि सरळ रेषेतला पल्ला सुमारे २ मिलिमीटर असतो, म्हणून शाफ्ट स्थिर असताना व्होल्टमीटर पाहत प्रोब अशा अंतरावर आणावा, की गॅप-व्होल्टेज सुमारे उणे १० व्होल्ट येईल. फीलर गेजने अंतर मोजण्याची सवय सोडावी. गेज प्रोबच्या टोकाला ओरखडे पाडते, आणि खरे मोजमाप व्होल्टमध्येच आहे. शाफ्ट बेअरिंगमध्ये तळाला बसलेला असताना गॅप लावायचा असतो आणि यंत्र सुरू झाल्यावर शाफ्ट वर उचलला जाणार आहे, याचा विचार आधीच करावा लागतो.

प्रोब, एक्स्टेन्शन केबल आणि प्रॉक्झिमिटर (प्रोबला सिग्नल पुरवून अंतराचे व्होल्टेज देणारी पेटी) हा संच एकत्र जुळवलेला असतो. ५ मीटरच्या संचातली केबल ९ मीटरच्या प्रॉक्झिमिटरला जोडली किंवा लांब पडते म्हणून केबल कापली, की संवेदनशीलता बदलते. उरलेली केबल गुंडाळून बांधून ठेवावी. मधला कनेक्टर यंत्राच्या धातूला टेकू नये म्हणून त्यावर इन्सुलेटिंग बाही चढवावी. प्रोब ज्या पट्ट्यावर पाहतो तो शाफ्टचा भाग गुळगुळीत, ओरखडेविरहित आणि चुंबकत्व काढलेला असावा. यांत्रिक आणि विद्युत रनआउट (शाफ्टच्या पृष्ठभागातील विषमतेमुळे दिसणारे खोटे कंपन) मिळून ६ मायक्रॉन किंवा अनुज्ञेय कंपनाच्या २५ टक्के, यांपैकी जे अधिक त्याच्या आत ठेवण्याचा दंडक आहे. संरक्षण-प्रणालीच्या अपेक्षा एपीआय ६७० या मानकात तपशिलाने दिल्या आहेत.

केबल

कायमस्वरूपी प्रणालीतले बहुतेक बिघाड मी केबलमध्ये आणि कनेक्टरमध्येच पाहिले आहेत. सेन्सरपासून पहिल्या दीड-दोनशे मिलिमीटरमध्ये केबल मोकळ्या वळणाने न्यावी आणि मग यंत्राच्याच अंगाला क्लॅम्प करावी. क्लॅम्प नसेल तर केबल चाबकासारखी हलते, कनेक्टरच्या मुळाशी तिची तार हळूहळू तुटते, आणि तुटण्यापूर्वी कित्येक आठवडे ती खोटे कमी-वारंवारतेचे कंपन दाखवत राहते. उलट, केबल ताणून बांधली तर तो ताण सेन्सरवर येतो. कनेक्टरच्या आधी केबलला खाली झोकणारा एक फास ठेवावा, म्हणजे केबलवरून वाहत आलेले पाणी कनेक्टरमध्ये न शिरता तिथूनच टपकून जाते. कनेक्टर जोडण्याआधी आत डायइलेक्ट्रिक सिलिकॉन ग्रीस भरावे आणि नट हाताने पूर्ण आवळावा.

केबल पिळलेल्या जोडीची आणि शील्ड असलेली घ्यावी, आणि शील्ड एकाच टोकाला, बहुधा मॉनिटरच्या पॅनेलमध्ये, अर्थ करावी. दोन्ही टोकांना अर्थ केली, की यंत्राचा अर्थ आणि पॅनेलचा अर्थ यांच्यातील विभवांतरामुळे शील्डमधून प्रवाह वाहू लागतो आणि वर्णपटात (वारंवारतेनुसार काढलेल्या कंपनाच्या आलेखात) पुरवठ्याच्या वारंवारतेवर, म्हणजे ५० किंवा ६० हर्ट्झवर, आणि तिच्या पटींवर उंच रेषा उभ्या राहतात. विद्युत मोटरवर या रेषा पाहून कोणी रोटरचा दोष शोधत बसतो. जंक्शन बॉक्समध्ये शील्ड स्वतंत्र टर्मिनलवरून अखंड पुढे न्यावी आणि सेन्सरकडचे कापलेले टोक हीट-श्रिंक बाहीने झाकावे. काही सेन्सरमध्ये शील्ड आवरणालाच जोडलेली असते, म्हणून माहितीपत्रक वाचल्याशिवाय पॅनेलमधील जोडणी ठरवू नये. वारंवारता बदलून मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हच्या पॉवर केबलपासून किमान ३०० मिलिमीटर अंतर ठेवावे आणि ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

केबल लांब असेल तर तिची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) विसरून चालत नाही. प्रतिमीटर १०० पिकोफॅराड धरले, तर १०० मीटर केबलवर, ४ मिलिअँपिअर स्थिर प्रवाह आणि ५ व्होल्टचा सिग्नल असताना, वरची मर्यादा सुमारे ९.५ किलोहर्ट्झ येते. लांबी दुप्पट केली की ती निम्मी होते. बेअरिंगची झणझण ऐकायची असेल, तर अशा वेळी पुरवठ्याचा प्रवाह सेन्सरला चालेल तितका वाढवावा.

एक सक्त सूचना अशी की, केबलचे इन्सुलेशन मेगरने (उच्च व्होल्टेज लावून इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने) तपासण्याआधी सेन्सर आणि मॉनिटर दोन्हीकडचे कनेक्टर काढावेत. मेगरचे ५०० व्होल्ट सेन्सरच्या आतील छोट्या ॲम्प्लिफायरला पुरते संपवतात.

उष्णता, पाणी, पाय आणि रंग

आतमध्ये इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या सर्वसाधारण सेन्सरची मर्यादा सुमारे १२० अंश सेल्सिअस असते. त्याच्या पुढे काहीशा उच्च तापमानाचे प्रकार मिळतात, आणि फारच गरम जागी चार्ज प्रकारचा (आत ॲम्प्लिफायर नसलेला) सेन्सर घेऊन ॲम्प्लिफायर थंड जागी ठेवावा लागतो, त्यासाठी कमी गोंगाटाची खास केबल लागते. गरम यंत्राच्या उष्णतारोधक आवरणाखाली सेन्सर गाडला जाऊ नये. तिथे त्याचे तापमान यंत्राच्या पृष्ठभागाइतकेच होते. उष्णता टाळण्यासाठी सेन्सरखाली उंच ठोकळा घातला तर अनुनाद खाली येतो, हेही लक्षात ठेवावे. केवळ गरम वाफेच्या किंवा गार वाऱ्याच्या झोतापासून बचाव करायचा असेल, तर साधा आडोसा पुरतो.

पाण्याने धुतल्या जाणाऱ्या जागी कनेक्टरवर साचेबंद रबरी बूट असलेली केबल किंवा सेन्सरलाच कायमची जोडलेली केबल घ्यावी. आयपी६७ हा शिक्का बुडण्यापासून संरक्षण सांगतो, उच्च दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्यापासून नाही. लवचीक धातूची नळी वापरल्यास ती सेन्सरवर वजन टाकणार नाही अशा रीतीने आधाराला बांधावी आणि तिच्या सर्वांत खालच्या ठिकाणी पाणी निघून जाण्यास वाट ठेवावी, नाहीतर नळीच पाण्याची टाकी बनते.

त्याहून मोठा शत्रू माणसाचा पाय आहे. व्हॉल्व्हपर्यंत पोहोचण्यासाठी पायरी म्हणून वापरता येईल अशा उंचीवर सेन्सर असेल, तर कधीतरी कोणीतरी त्यावर पाय देणारच. अशा जागी जाड पत्र्याचे कव्हर बसवावे, पण ते बेसफ्रेमवर किंवा यंत्राच्या दुसऱ्या भक्कम भागावर बोल्ट करावे आणि ते सेन्सरला किंवा केबलला कुठेही टेकता कामा नये. सेन्सरच्याच पॅडवर उभारलेले कव्हर स्वतः वाजते आणि त्याचा आवाज मोजमापात उतरतो. असे कव्हर असण्यापेक्षा कव्हर नसलेले परवडले. कव्हरच्या तळाशी निचऱ्याचे भोक ठेवावे, आणि ते न काढता कनेक्टर तपासता येईल एवढी फट ठेवावी.

यंत्र रंगवण्यापूर्वी सेन्सर आणि कनेक्टर टेपने झाकावेत, कारण कनेक्टरच्या आट्यांत सुकलेला रंग पुढच्या वेळी तो उघडूच देत नाही. जवळपास वेल्डिंग करायचे असेल तर सेन्सरचा कनेक्टर काढून ठेवावा आणि वेल्डिंगचा अर्थ-क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ लावावा, म्हणजे परतीचा प्रवाह बेअरिंगमधून आणि सेन्सरच्या वाटेने जाणार नाही. धोकादायक क्षेत्रात बॅरिअर (तिथे जाणारी वीज मर्यादित ठेवणारे उपकरण) वापरताना त्यात पडणाऱ्या व्होल्टेजमुळे सेन्सरला पुरेसा पुरवठा उरतो का, हेही मोजून घ्यावे.

बसवल्यानंतर

पुरवठा सुरू केल्यावर सेन्सरला स्थिरावण्यास मिनिटभर द्यावा आणि बायस-व्होल्टेज (सेन्सरच्या तारांवरचे स्थिर डीसी व्होल्टेज) मोजावे. २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर ते सर्वसाधारणपणे १० ते १४ व्होल्टच्या दरम्यान असते. जवळजवळ २४ व्होल्ट दिसले तर मार्ग कुठेतरी तुटला आहे, शून्याजवळ दिसले तर शॉर्ट आहे, आणि आकडा तासागणिक सरकत असेल तर उष्णतेने किंवा ओलाव्याने सेन्सर बिघडू लागला आहे. त्यानंतर यंत्र बंद असताना स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरशेजारी, सेन्सरवर नव्हे, हलकी टिचकी मारावी आणि मॉनिटरवर तीच वाहिनी उसळते का हे पाहावे. दोन बेअरिंगच्या केबलची अदलाबदल झालेली या साध्या चाचणीतच सापडते.

यंत्र चालू झाल्यावर वर्णपटाच्या अगदी डाव्या टोकाला उतारासारखा चढ दिसत असेल, तर तो यंत्राचा नसून बहुधा सैल बैठक, ओला कनेक्टर, तापमानाचा धक्का किंवा सेन्सरवरचा अतिभार यांपैकी कशाचा तरी असतो. त्वरणाचे वेगात रूपांतर करताना कमी वारंवारतेचा हा गोंगाट प्रचंड फुगतो. सैल सेन्सर नेहमी कमीच दाखवतो असेही नाही. तो स्वतः खडखडू लागला तर आकडा वाढतो आणि यंत्र विनाकारण ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते. पहिला स्वीकारलेला आकडा त्या वेळचा भार, वेग आणि तापमान यांच्यासह नोंदवावा, सोबत प्रत्येक जागेसाठी सेन्सरचा अनुक्रमांक, संवेदनशीलता, दिशा आणि बैठकीचा प्रकार लिहावा. पुढे चुंबकाऐवजी स्टड आला किंवा जागा बदलली, तर जुना कल (आकड्यांचा काळानुसार आलेख) तिथेच थांबवून नवा सुरू करावा, कारण बैठक बदलल्याने आलेली उडी यंत्राच्या बिघाडासारखीच दिसते.

दर मोठ्या बंदीच्या वेळी टॉर्क पुन्हा तपासावा, कनेक्टर उघडून हिरवा गंज आणि ओलावा पाहावा आणि क्लॅम्प घट्ट करावेत. यंत्र चालू असताना संरक्षण-वाहिनीच्या केबलला हात लावायचा असेल, तर परवानगी घेऊन ती वाहिनी आधी बायपासवर टाकावी. कनेक्टर नुसता हलवल्यानेही ट्रिप येऊ शकते. सेन्सर बदलला असेल तर त्याच्या प्रमाणपत्रावरची प्रत्यक्ष संवेदनशीलता मॉनिटरमध्ये भरावी, बायस आणि टिचकीची चाचणी पुन्हा करावी, नवा आकडा जुन्याशी जुळतो का ते पाहावे आणि त्यानंतरच बायपास काढून तशी नोंद करावी.